काशीरामने मोडलेली शाळा

काशीरामच्या अंगात बळ होतं आणि ते बळ दुसऱ्याच्या हुकमावर चालायचं. सोपाऱ्याच्या खाडीला लागून खाजणपाड्याचं मिठागर होतं, तिथे तो राखणदार. शेठ मुंबईत राहायचा, इथला सगळा कारभार दादू मुकादमाच्या हातात. उशिरा आलेल्या मजुराकडे मुकादम नुसतं बोट दाखवायचा, बाकीचं काशीराम करायचा. एकदा त्याने एकाला बांधावरून खाऱ्या पाण्यात लोटलं आणि तो वर येईल तसा पायाने पुन्हा खाली दाबला. मग घरी जाऊन जेवला. पुतळाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्या दिवशी ताट वाढलं आणि ती उठून दारात जाऊन बसली.

पाड्याच्या टोकाला उंचवट्यावर शाळा होती. एकच खोली, पुढे ओटा, वर मंगलोरी कौलं. गिरीज गावचे व्हिक्टर मास्तर रोज सायकल दामटत यायचे. चिखल असला की सायकल खांद्यावर घ्यायचे, पण यायचे. पोरं शिकत होती आणि घरी जाऊन आयांना शिकवत होती, याचा मिठागरावर कुणाला पत्ता नव्हता.

तो पत्ता १९४६ च्या मार्चमध्ये लागला. मिठाचा हंगाम भरात होता. एक पोटुशी बाई दुपारी घटकाभर बांधावर टेकली म्हणून मुकादमाने तिला दंताळ्याच्या दांड्याने झोडपलं. तिचं पोर पोटातच गेलं. मास्तरांनी मामलेदाराकडे अर्ज लिहिला आणि त्याच्याखाली पाड्यातल्या बायांनी अंगठे उठवले नाहीत, सह्या केल्या. वेड्यावाकड्या, पण सह्या.

मुकादमाने चौघांना बोलावलं. काशीराम त्यांच्यात पुढे.

"शाला मोडायची," मुकादम म्हणाला. "मास्तर आडवा आला तर तोही."

भर दुपारी ते गेले. मास्तर दारात उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून.

"काशीराम, आत पोरं आहेत. त्यांना आधी जाऊ दे," एवढंच ते म्हणाले.

काशीरामच्या काठीला टोकाशी लोखंडी कडी होती. ती मास्तरांच्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज त्याला साफ ऐकू आला. मास्तर खाली पडले तसे बाकीचे तिघे त्यांच्यावर तुटून पडले, लाथांनी, काठ्यांनी. पोरं खिडकीतून उड्या टाकत होती. नऊ वर्षांची बायजा तेवढी पळाली नाही. ती मास्तरांच्या छातीवर पालथी पडली आणि त्यांना घट्ट धरून राहिली. काशीरामची काठी उचललेली होती. ती थांबवता आली असती. त्याने ती थांबवली नाही. घाव बायजाच्या गुडघ्यावर बसला.

मग त्यांनी फळा फोडला, बाकं तोडली, दार बिजागरीतून उपटलं. मास्तरांना बायांनी झोळीत घालून नेलं. पोलिसांनी पाड्यात विचारपूस केली, पण कुणी तोंड उघडलं नाही. शाळा बंद पडली ती पडलीच.

दोन वर्षांनी मुकादमाने काशीरामला राखणदारीवरून काढून टाकला. कारण काही नव्हतं, त्याला तरणा गडी मिळाला होता. काशीराम त्याच मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहू लागला, ज्यांना मारलं त्यांच्याच रांगेत. त्याच्या पुढचा आणि मागचा माणूस त्याच्याशी बोलत नसे. रोज येता-जाता लंगडणारी बायजा दिसायची. ती त्याच्याकडे बघायची नाही. तिने बघावं असं त्याला वाटायचं, आणि ती बघेल या धास्तीने तो मान खाली घालायचा.

१९५३ च्या नोव्हेंबरात वसईजवळच्या होळी गावच्या क्लेमेंटीनबाई पाड्यात आल्या. तिशीच्या, ट्रेनिंग झालेल्या शिक्षिका. बंद शाळा पुन्हा चालू करता येईल का ते बघायला त्यांना स्कूल बोर्डाने पाठवलं होतं. झाडझूड करायला माणूस हवा होता, पण त्या उंचवट्यावर जायला कोणी तयार होईना. कोणी काही सांगेनाही. शेवटी काशीराम कोयता घेऊन उठला.

ओट्यावर निवडुंग माजला होता. त्याने वाट केली. आत कौलं फुटून उन्हाचे कवडसे पडले होते, भिंतींना खाऱ्या हवेने पोपडे धरले होते. मोडक्या बाकांचा ढीग जसाच्या तसा होता. बाई एकेक वस्तू उचलून बघत होत्या: पाटीचा तुकडा, शाईची दौत, मुलीच्या हातातली काचेची अर्धी बांगडी. भिंतीतल्या फडताळात पत्र्याची पेटी सापडली. तिच्यात हजेरीपट होता. कडा वाळवीने खाल्लेल्या, अक्षर शाबूत.

"ही मुलं आता कुठे असतात?" बाईंनी विचारलं आणि एकेक नाव वाचायला लागल्या.

काशीराम कोयता टेकून उभा राहिला.

"तो मिठागरावं हाय... ती नायगावला दिलीय... तो तापानं मेला... तो पन मिठागरावं... ती बालंतपनात गेली."

"बायजा?"

तो कोयत्याच्या टोकाने जमीन उकरू लागला.

"पुढे हजेरीच नाही," बाई म्हणाल्या. "एकोणीस मार्चला दुपारपर्यंत सगळी हजर आणि मग कोरं पान. त्या दिवशी झालं काय?"

"शाला मोडली."

"कोणी?"

"मी," काशीराम म्हणाला. "आनखी तिघं होतं. पन मास्तरांचा हात मी तोडला. बायजाचा गुडघा पन मीच."

बाई दोन पावलं मागे सरल्या. त्यांची नजर कोयत्यावर गेली. त्याने तो दाराबाहेर फेकून दिला.

"व्हिक्टर मास्तरांनी मला शिकवलंय," त्या म्हणाल्या. "ती मारहाण झाल्यावर ते डाव्या हाताने लिहायला शिकले. वर्षभराने छातीच्या दुखण्याने गेले. बरगड्या आत रुतल्या होत्या, असं डॉक्टर म्हणाले. पोलिसांना त्यांनी तुमचं नाव का सांगितलं नाही, माहीत आहे? नाव सांगितलं तर पाड्यातल्या बायांना त्रास होईल म्हणून. तुमच्यासाठी नाही."

काशीराम मोडक्या बाकाच्या फळीवर बसला. मास्तर गेल्याचं त्याला आत्ता पहिल्यांदा कळलं.

तेवढ्यात ओट्यावर पावलं वाजली. दादू मुकादम, मागे दोघे जण. शेठला या खोलीत मिठाची पोती ठेवायची होती, आणि बाई शाळा उघडतायत ही बातमी मिठागरावर पोचली होती.

"बाई, तुमी होलीला परत जा," मुकादम म्हणाला. "इथं शाला होनार नाय."

"ही बोर्डाची इमारत आहे. तुम्ही बाहेर व्हा."

मुकादमाने त्यांच्या हातातला हजेरीपट हिसकला. बाईंनी सोडला नाही, तसा त्याने त्यांना भिंतीवर ढकललं. डोकं आपटून त्या खाली बसल्या. काशीराम उठला.

"काश्या, तू बाजूला हो," मुकादम ओरडला. "तुजं काय हाय हितं?"

दोघांच्या काठ्या एकदमच पडल्या. एक खांद्यावर, एक कानशिलावर. कानातून रक्त आलं. काशीरामने एकाची काठी हिसकून घेतली आणि त्याच्या नडगीवर अशी हाणली की तो किंचाळत ओट्यावरून निवडुंगात पडला. दुसरा पळाला. मुकादमही पळत होता. काशीरामने त्याला मानेला धरून आत ओढला आणि त्याचं तोंड भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. मुकादमाचे दात जमिनीवर सांडले. तो गुडघ्यांवर आला, हात जोडू लागला. काशीरामने काठी उचलली आणि मारत राहिला, पाठीवर, हातांवर, तोंडावर. सात वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्या हातात उतरलं होतं. त्याला बरं वाटत होतं. तेच वाईट होतं.

"काशीराम! मरेल तो!" बाई त्याच्या दंडाला लोंबकळल्या. "सोडा!"

तो थांबला. खोलीभर रक्त झालं होतं. मुकादमाचा एक डोळा गेला होता.

"बाई, तुमच्या अंगावं हात टाकला त्यानं," काशीराम धापा टाकत म्हणाला.

"मी तुम्हाला मारायला सांगितलं होतं?" बाई ओरडल्या. त्यांच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं. "याच खोलीत मास्तर असेच पडले होते ना? तुम्ही काय केलंत मग दुसरं?"

त्याने काठी खाली टाकली. पोलीस येईपर्यंत तो ओट्यावर बसून राहिला. पाड्यातली माणसं खाली उभी होती, कोणी वर आलं नाही.

वसईच्या कोर्टात क्लेमेंटीनबाईंनी साक्ष दिली. मुकादमाच्या माणसांनी आधी हात उचलला हे सांगितलं. मुकादम पडल्यावर, हात जोडत असताना काशीराम त्याला मारत राहिला, हेही सांगितलं. काशीरामने न्यायाधीशांना विनवलं की सेहेचाळीस सालचंही लिहून घ्या. हा खटला त्या प्रकरणाचा नाही, असं त्यांनी सांगितलं. पोलिसांनी नंतर जबाब घेतला, पण त्याचं पुढे काही झालं नाही. मुकादमाच्या माणसांना सहा सहा महिने झाले, काशीरामला दोन वर्षं सक्तमजुरी. पुतळाबाई ठाण्याच्या तुरुंगात त्याला एकदाच भेटायला गेली. शाळा जूनमध्ये उघडली, बत्तीस पोरं आली, असं तिने सांगितलं. मुकादम गाव सोडून गेला होता.

काशीराम सुटून आला तेव्हा सकाळ होती. घरी जायच्या आधी तो शाळेकडे वळला. बायजा ओटा सारवत होती. ती आता शाळेतलं पाणी भरायची, आणि दुपारी बायांच्या वर्गात बसायची.

"कौलं लावायला येऊ का?" त्याने खालूनच विचारलं. "पैशे नको."

बायजाने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं.

"नको," ती म्हणाली. "बाई बोलवतील तुला, त्या चांगल्या हायत. पन तू येऊ नको. तू ओट्यावं आलास का माजा गुडगा दुखतो."

"बरं," काशीराम म्हणाला.

क्लेमेंटीनबाईंनी खरंच दोनदा निरोप धाडला. तो गेला नाही. पुढची वीसेक वर्षं तो मिठागराचे बांध घालत राहिला, आणि शाळा सुटायच्या वेळेला पोरं बांधावरून येताना दिसली की डोक्यावरची मातीची पाटी खाली ठेवून, वाट मोकळी करून, कमरेइतक्या चिखलात उतरून उभा राहायचा.