साबणाच्या सांडपाण्यामागे अणदूरपर्यंत

अणदूरला जाण्याचे मी ठरवले ते केवळ मत्सरापोटी. धाराशिवच्या माझ्या कारखान्यात साबण शिजल्यावर तळाशी उरणारे खारट, काळपट पाणी माझे साडू शिवलिंगप्पा तीन वर्षे फुकट नेत होते. दुर्गंधी टळते म्हणून मीच त्यांना तसा शब्द दिला होता. आता ते त्यातून ग्लिसरीन काढतात आणि युद्धामुळे ते दुर्मिळ झाल्याने सोलापूरचे विणकर त्यांच्या दारी येतात, असे कानी आले. वाणिज्याचा पदवीधर मी. ते जेमतेम चौथी शिकलेले.

जाणाऱ्याने सकाळची मोटार धरावी आणि पुढची जागा मागून घ्यावी. मागे धुळीने माणूस ओळखू येत नाही. तिकिटाला निजामाची हाली नाणी जवळ असावीत. इंग्रजी कलदार पाहून वाहक कुरकुरतो. नळदुर्गला भाकरी आणि शेंगांची चटणी स्वस्त व उत्तम मिळते. किल्ला प्रेक्षणीय आहे म्हणतात. साडूंच्या भरभराटीखेरीज मला काही दिसत नव्हते.

अणदूरला त्यांच्या मळ्यात गुऱ्हाळाची काहील चुलाणावर होती. उसाचा हंगाम सरला की तीत माझे पाणी आटते. गूळ शिजवणारा वृद्ध गुळव्या मल्लय्या झाऱ्याने तळाचे मीठ उपसत होता. ते कातडी खारवणारे नेतात. उरलेला दाट रस हेच ग्लिसरीन; ते विणकर खळीत घालतात, म्हणजे उन्हाळ्यात ताण्याचे सूत तुटत नाही. मळी काढण्यासाठी त्याने प्रथम गुळाच्या सवयीने भेंडीचा रस ओतला होता. पुष्कळ भेंडी वाया गेल्यावर त्याला तुरटी सुचली.

मी न राहवून त्याला विचारले, की उतरवण्याची वेळ कशी कळते.

“मीठ बसाया लागलं की काहीलीचा आवाज बदलतो, मालक. त्यो ऐकायचा. न्हाय तर करपतंय.”

जेवताना मी साडूंना सांगितले, की यापुढे पाणी मिळणार नाही. त्यांनी माझ्या ताटात आणखी तूप वाढले.

“तुमचं पाणी, अण्णा, तुम्ही ठेवा. पर मल्लय्या काय तुमच्याकडं यायचा न्हाय. त्याला शहराचं पाणी बाधतं.”

पंगतीला बसलेला मल्लय्या गालात हसला. त्याला दुप्पट मजुरी देऊ करण्याचा माझा विचार होता. तो मी भाकरीबरोबर गिळला.

घरी परतल्यावर मी पाणी तुरटीसह स्वतः दोनदा आटवले. चुलीजवळ बसून कान देऊन ऐकले. मला उकळीचा एकच आवाज येत राहिला. दोन्ही वेळा तळ काळा पडला आणि शेजारी तक्रार घेऊन आले.

तिसऱ्या आठवड्यात साडूंना पत्र लिहावयास बसलो. ‘करपले’ हा शब्द काही केल्या लिहवेना. शेवटी कागद फाडला आणि पिंपे त्या पाण्याने काठोकाठ भरून अणदूरच्या गाडीत चढवली.