वाटतं म्हणेल तो झाडेल

मिस्त्रींच्या गॅरेजात एक शब्द बंद होता. शिवी चालत असे, रडगाणं चालत असे. 'वाटतं' चालत नसे. "मला वाटतं प्लग गेला असेल," असं कोणी म्हणालं की मिस्त्री हातातला पाना खाली ठेवत आणि कोपऱ्यातल्या झाडूकडे बोट दाखवत. वाटतं म्हणेल तो गॅरेज झाडेल. गिऱ्हाईक असो की नातेवाईक, सगळ्यांना एकच माप. नियम खडूने भिंतीवर लिहिलेला होता आणि अक्षर पुसट झालं की मिस्त्री स्वतः ते गिरवत.

कोपऱ्यावरचे मेडिकलवाले दोनदा झाडून गेले होते. पोस्टमनने एकदा पिशवी बाजूला ठेवून झाडलं होतं. मिस्त्रींची भाची तर लहानपणापासून इतक्या वेळा झाडत आली होती की गॅरेजातली प्रत्येक फरशी तिच्या ओळखीची होती.

मिस्त्रींचं म्हणणं साधं होतं. वाटायला काही लागत नाही, बघायला वाकावं लागतं. ज्याला वाकायचा कंटाळा त्याला वाटतं. कामाचे ते दोनच प्रकार मानत, पूर्ण हाताचं आणि अर्ध्या हाताचं. लोकांना उठता बसता पुरावा मागत, म्हणून गल्लीने त्यांचं नाव 'पुरावे' पाडलं होतं. अर्थात पाठीमागे. समोर सगळे मिस्त्रीच म्हणत.

गॅरेजला लागून असलेल्या खोलीत त्यांची बायको शिवणकाम करायची. मध्ये एक दार, ते कायम उघडं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण तिच्यावर झाडायची पाळी एकदाही आली नव्हती. तिला कधी काही वाटत नसे. तिला माहीत असे.

तर अशा या गॅरेजात भाचीची स्पोर्ट बाइक पाच दिवस उभी होती आणि मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

गाडी तापत होती. मोकळ्या रस्त्यावर पळताना शहाण्यासारखी वागायची. सिग्नलला थांबली की तापमानाचा आकडा चढायला लागायचा. शंभर, एकशे पाच, एकशे बारा. मग बाजूच्या बाटलीतून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, उकळून बाहेर. भाची पोहायला शिकवायची. शेजारच्या गावात नवा तलाव झाला होता, तिथे तिला नोकरी लागली होती आणि येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. जाणंयेणं मिळून रोज ऐंशी किलोमीटर, आणि वाटेत अकरा सिग्नल.

अडचण गाडीची नव्हती, ताईची होती. ताई म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण, भाचीची आई. जगात मिस्त्री एकाच माणसाला घाबरत, आणि ते माणूस गेल्या सोमवारी संध्याकाळी येऊन निकाल देऊन गेलं होतं. रस्त्याच्या मधोमध वाफ सोडत उभ्या राहणाऱ्या गाडीवर ती मुलीला बसू देणार नव्हती. रविवारी सकाळी अकरापर्यंत गाडी बरी झाली तर ठीक, नाहीतर अकराला मेडिकलवाले येऊन ती विकत घेऊन जातील. तिने बोलणी करून टाकली होती. मेडिकलवाल्यांनी पन्नाशी ओलांडली होती, पण ती गाडी ते रोज दुकानातून बघत आणि गिऱ्हाइकाला एकाऐवजी दुसरं मलम देत.

"मामा, तू करशील ना?" भाचीने ताई गेल्यावर विचारलं. "ही गाडी मी स्वतःच्या कमाईची घेतलीय. विकावी लागली तर मी बसने जाईन, पण कुणाशी बोलणार नाही. तुझ्याशीसुद्धा."

मिस्त्रींनी मान हलवली. मान हलवणं म्हणजे शब्द देणं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मंगळवारी त्यांनी जुनं कूलंट काढून नवं भरलं आणि आत अडकलेली हवा अर्धा तास बसून काढली. गाडी मधल्या दारासमोर, तोंड खोलीकडे करून उभी केली आणि इंजिन चालू ठेवलं. एकशे तीनवर रेडिएटरचा पंखा घुमायला लागला. मिस्त्री कान देऊन ऐकत राहिले, तपासायच्या गोष्टी लिहिलेल्या पाटीवर समाधानाने पंख्यासमोर बरोबरची खूण केली. पंखा फिरतोय. तेवढ्यात आकडा एकशे दहा झाला आणि बाटली फुरफुरली.

त्याच वेळी खोलीतून बायकोचा आवाज आला. तिचं म्हणणं, गाडीचं तोंड दुसरीकडे करा. तिने शर्टांचे कागद कापून जमिनीवर मांडले होते, ते सगळे गरम वाऱ्याने उडून पलंगाखाली गेले होते. मिस्त्री म्हणाले, कागदावर कात्री ठेव. तिने ठेवली.

बुधवारी थर्मोस्टॅटची पाळी. पाणी तापलं की वाट उघडणारी ही लहानशी चकती, ती अडकली की इंजिन तापतं. मिस्त्रींनी ती काढली, स्वयंपाकघरात जाऊन दुधाच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात टाकली आणि गॅसपुढे स्टूल घेऊन बसले. ब्याऐंशीला चकती उघडली. अगदी नियमाप्रमाणे. मिस्त्रींना चकतीचा राग आला. बायकोला पातेल्याचा आला. दूध दोन दिवस रबराच्या वासाचं लागत होतं.

गुरुवारी रेडिएटरचं झाकण तपासलं. पंप उघडून पाती बघितली. रेडिएटर काढून, धुऊन, उन्हाकडे धरून एकेक नळी डोळ्यांखालून घातली. शुक्रवारी इंजिनाचं गॅस्केट फुटलंय का ते पाहिलं. सगळं पूर्ण हाताने केलं, एक बोल्ट हलका ठेवला नाही की एक जास्त आवळला नाही. पाटीवर नऊ बरोबरच्या खुणा झाल्या. खुणांप्रमाणे गाडी ठणठणीत होती. गाडीला मात्र ते कोणी सांगितलं नव्हतं.

रोज संध्याकाळी दारासमोर चाचणी व्हायची, रोज बाटली फुरफुरायची, आणि रोज आतून तक्रार यायची. बुधवारी कॉलरचे कागद उडाले, गुरुवारी दोऱ्याचे तुकडे तिच्या केसांत जाऊन बसले. शुक्रवारी ती दारात येऊन म्हणाली की ही गाडी माझ्या अंगावर श्वास सोडते. मिस्त्रींनी तिला इंजिनातलं तुला काय कळतं असं विचारलं नाही. एकतीस वर्षांत तेवढं ते शिकले होते. नुसते गप्प बसले, आणि ते तिला जास्त लागलं.

शनिवारी दुपारी मिस्त्रींनी हात टेकले. म्हणजे खरोखरच, दोन्ही हात टाकीवर टेकवून उभे राहिले. भाची शेजारी पायरीवर बसून नख कुरतडत होती. तिने हळूच विचारलं, पंखा पुन्हा बघायचा का, कारण गाडी थांबली तरच तापते आणि थांबल्यावर पंख्याशिवाय दुसरं कोण आहे. मिस्त्री म्हणाले, पंखा फिरतो, ते तुझ्या कानांनी ऐकलंस. शिवाय पंख्याचं काम दोन महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतः केलं होतं. वायरी जोडणारा जळका कनेक्टर काढून नवा बसवला होता. जगातल्या सगळ्या जोडण्यांवर त्यांचा संशय होता, तेवढी एक सोडून.

भाची दूध आणायला गेली. पातेलं बदललं होतं, दूधही बदलायचं होतं.

तेव्हा बायको बाहेर आली. हातात अस्तराच्या कापडाची वीतभर चिंधी होती. ती गाडीपुढे उकिडवी बसली. म्हणाली, "सुरू करा."

मिस्त्रींनी इंजिन सुरू केलं. दोघं वाट बघत राहिली. नव्वद. शंभर. एकशे तीन. पंखा घुमला. तिने चिंधी एका टोकाला धरून पुढच्या चाकामागे, रेडिएटरच्या जाळीसमोर नेली. पंख्याने हवा समोरून आत ओढायची असते, म्हणजे चिंधी जाळीला चिकटायला हवी होती. चिंधी उठली आणि सरळ तिच्या नाकाकडे फडफडायला लागली.

"पुरावा मागता ना?" ती म्हणाली. "पाच दिवस तुमचा पंखा मला वारा घालतोय. इंजिनाला कोण घालणार?"

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. चिंधी खाली पडली. बायको ती उचलून आत गेली आणि मशीन सुरू झालं.

मिस्त्री स्टुलावर बसले. दोन महिन्यांपूर्वीचं सगळं आठवलं. दोन वायरी, दोन्ही जळून काळ्या ठिक्कर. कुठली कुठली ते ओळखू येत नव्हतं. नखाने खरवडून रंग बघायला दोन मिनिटं लागली असती. पण ताई फोनवर होती, किती वेळ म्हणून विचारत होती, आणि ते मनाशी म्हणाले होते, मला वाटतं हीच. वायरी उलट्या लागल्या, पंखा उलटा फिरला. फिरला म्हणून त्यांनी खूण केली. कुठे फिरतो ते बघायला वाकले नाहीत.

भाची दूध घेऊन परत आली तोवर वायरी सरळ झाल्या होत्या. एवढ्या वेळात अंडंसुद्धा नीट उकडत नाही. मिस्त्रींनी गाडी दारापासून वळवून ठेवली.

रात्रभर त्यांनी विचार केला की रविवारी काय सांगायचं. हवा अडकली होती, निघाली. वाक्य छान होतं. कोणी खोदून विचारलं नसतं. हवेला कोण विचारणार?

रविवारी अकराला ताई आली. बसली नाही. मागोमाग मेडिकलवाले आले, डोक्यावर नवंकोरं हेल्मेट आणि हातात मोजे. हेल्मेटची काच खाली होती, त्यामुळे ते काय म्हणत होते ते कोणाला कळत नव्हतं आणि प्रत्येक वाक्य त्यांना दोनदा बोलावं लागत होतं. दोनदा बोलूनही ते एवढंच होतं की आपल्याला घाई नाही.

मिस्त्रींनी गाडी उन्हात उभी केली आणि इंजिन चालू केलं. भाचीने आईचा हात धरला, मग आईकडे बघून सोडून दिला. पंच्याण्णव. नव्याण्णव. एकशे तीन. पंखा घुमला. मेडिकलवाले पुढे सरकले. एकशे तीन. एकशे एक. अठ्ठ्याण्णव. पंखा थांबला. पुन्हा आकडा चढला, पुन्हा पंखा, पुन्हा अठ्ठ्याण्णव. असं वीस मिनिटं चाललं. बाटली गप्प होती.

मेडिकलवाल्यांनी एक मोजा काढला.

"बरी झाली," ताई म्हणाली. "काय होतं?"

आतलं शिवणयंत्र थांबलं.

मिस्त्रींनी तोंड उघडलं. हवा जिभेवर तयार होती. तेवढ्यात समोरच्या भिंतीवरच्या खडूच्या अक्षरांवर नजर गेली. गेल्याच आठवड्यात गिरवली होती, नको इतकी ठळक. त्यांनी तोंड मिटलं, कोपऱ्यात गेले आणि झाडू उचलला.

"मामा?" भाची म्हणाली.

"पंखा उलटा लावला होता," मिस्त्री झाडता झाडता म्हणाले. "मीच. मला वाटलं होतं."

मेडिकलवाल्यांनी दुसरा मोजा काढला आणि काचेआडून काहीतरी विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा कळलं की त्यांना सुपली धरू का म्हणून विचारायचं होतं. मिस्त्री नको म्हणाले. ज्याचं त्याने झाडायचं.

दारापासून सुरुवात करून ते बाकाखाली गेले, टायरांच्या चळतीमागे गेले. ताई हात बांधून पाहत होती. ती लहानपणीही अशीच पाहायची, मिस्त्री घर झाडत तेव्हा.

"कपाट राहिलं," ती म्हणाली.

मिस्त्री गुडघ्यांवर बसले आणि लोखंडी कपाटाखाली झाडू घातला. तिथून काय काय निघालं. वॉशर, वाळलेला लिंबाएवढा ग्रीसचा गोळा, पोस्टमनच्या पिशवीतून पडलेलं एक पत्र. आणि शेवटी काळा पडलेला एक कनेक्टर. त्यांनी तो उन्हात धरून नखाने खरवडला. एक वायर निळी होती, एक काळी. अजून स्पष्ट दिसत होती. खरवडायला दोन मिनिटंही लागली नव्हती.

मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला, नेहमीचा.

"दोन महिने हा इथे पडलाय," ते म्हणाले. "दोन महिन्यांत इथे चार जणांनी झाडलं. एकही कपाटाखाली वाकला नाही." त्यांनी मेडिकलवाल्यांकडे पाहिलं. मेडिकलवाल्यांनी काच आणखी खाली ओढायचा प्रयत्न केला. मग भाचीकडे पाहिलं. "अर्ध्या हाताचं काम."

"मामा, मला वाटलं तिथे कोण बघतंय," भाची म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिने जीभ चावली.

मिस्त्रींनी झाडू तिच्यापुढे धरला. कपाटाखालचं तिने काढलं, अगदी भिंतीपर्यंत. ताईने सुपली धरली. सोमवारी सकाळी गाडी अकरा सिग्नल ओलांडून गेली, आणि शिवणयंत्राशेजारचे कागद जागचे हलले नाहीत. जळका कनेक्टर मिस्त्रींनी खडूच्या ओळीखाली खिळ्याला टांगून ठेवला. कोणी विचारलं तर सांगत, पुरावा आहे.