पडद्यामागचा कूलर

पोळा दोन दिवसांवर आला असताना यमुताईंनी कूलरला साडी नेसवली.

हा कूलर त्यांच्या गॅलरीत लोखंडी घोडीवर बारा महिने उभा असे. पत्र्याचा, माणसाच्या छातीएवढा उंच, तोंड बैठकीच्या खिडकीत खुपसलेलं. नागपूरच्या महाल भागातल्या बहुतेक घरांत असा एक ऐवज असतोच आणि पाहुण्यांपासून तो कुणी लपवत नाही. पण यमुताईंनी त्याला आपली जुनी जांभळी नारायणपेठ गुंडाळली, वर पितळी परात ठेवली आणि परातीत मनीप्लांटची कुंडी. मग मागे सरून, डोळे बारीक करून पाहिलं. आयुष्याचे कितीतरी हिवाळे त्यांनी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत काढले होते. दोन खोकी आणि एक चादर यांचं सिंहासन करायची त्यांना सवय होती. कूलरचं तुळशीवृंदावन तेवढंसं जमलं नव्हतं, पण लांबून खपून गेलं असतं.

"काय करून राहिल्या ताई?" समोरच्या ओट्यावरून चंपतरावांनी विचारलं. एकेकाळी हे यमुताईंच्या नाटकांत पेटी वाजवायचे. आता दर पोळ्याला मिरवणुकीतला गल्लीचा पुतळा, बडग्या, तेच बांधत. मांडीवर बांबूच्या कामट्या होत्या, हाताला खळ लागली होती. "कूलरचं लगन लावून राहिल्या का?"

"सून येतेय, चंपतराव."

"मंग? तिले कूलर दिसला तं चावते का?"

"हा एवढा मोठा दिसला की ती विचारेल, किती महिने लागतो. मग काय सांगू?"

चंपतरावांनी मान डोलावली आणि पुढची कामटी वाकवायला घेतली. पणाला काय लागलेलं आहे, ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

यमुताईंचा मुलगा उन्मेष पुण्यात नोकरीला. त्याच्या कंपनीनं इकडे नागपूरला, विमानतळाजवळच्या मिहानात कचेरी उघडली होती आणि त्याला विचारलं होतं, जाता का? त्याची बायको मधुवंती घरूनच काम करायची, तिला पुणं काय नि नागपूर काय. तेव्हा सारं तिच्या हो-नाहीवर होतं. ती हो म्हणाली, तर मुलगा-सून इथे, यमुताईंच्या घरात. नाही म्हणाली, तर यमुताईंनाच दिवाळीनंतर पुण्याला जावं लागणार होतं. मागच्या हिवाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या, तेव्हा त्यांनी तसा शब्द दिला होता, यापुढे एकटी राहणार नाही म्हणून. घर विकायचं आणि जायचं. त्यांनी वरवर हसून मान्य केलं होतं. पण त्या दिवसापासून गल्लीतली भाजीवाली नुसती "ताई, सांबार घ्या" म्हणाली, तरी त्या नको असताना कोथिंबिरीची जुडी घेऊन ठेवायच्या.

मधुवंती मूळची पुण्याची. लग्नानंतर नागपूरला आली ती दोनदा, दोन्ही वेळा थंडीत आणि तेही घाईत. आता ती नीट बघायला येत होती.

"आई, तिच्यासमोर उन्हाळ्याचा विषय काढू नकोस," उन्मेषनं फोनवर बजावलं होतं.

यमुताईंनी मग प्रवेशच बसवला. स्टेशनावरून सरळ महालात आणायचं नाही. सिव्हिल लाइन्समधून, मोठ्या झाडांच्या रस्त्यानं फिरवून आणायचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी खोदून ठेवलंय, तिकडून नाही, मागच्या बाजूनं यायचं. उन्मेषनं सगळं ऐकलं. पावसानं शहर धुऊन काढलेलं, झाडं हिरवीगार, हवेला गारवा. नागपूर इतकं देखणं दिसत होतं की यमुताईंनाच त्याची दृष्ट काढावीशी वाटली.

"छान आहे हो," मधुवंती आल्या आल्या म्हणाली.

सकाळी तर्री-पोहे आणले. "छान आहेत." दुपारी यमुताईंनी पुडाची वडी तळली. "वा, छान!" मेट्रोनं फिरून आली. "छान आहे, स्वच्छ आहे."

उन्मेष आईकडे बघून डोळ्यांनी हसला. यमुताईंना मात्र हसू येईना. हे 'छान' त्यांच्या ओळखीचं होतं. झाडीत नाटक रात्रभर चालायचं. ज्या गावचं पब्लिक बेतानं टाळ्या वाजवायचं, ते मध्यंतरानंतर हळूच उठून जायचं. जे पब्लिक ओरडायचं, "ओ बाई, आवाज! मागे ऐकू येऊन नाही राहिलं!", ते उजाडेपर्यंत जागचं हलायचं नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी तिघं पुरणपोळी खात बसली होती. मधुवंतीनं तूप वाढून घेता घेता विचारलं, "आई, तुम्ही इथेच जन्मलात, इथेच राहिलात. मला खरं सांगाल? इथे राहायला वाईट काय आहे?"

उन्मेषला ठसका लागला.

"वाईट?" यमुताई म्हणाल्या. "वाईट असं... डास आहेत हो थोडे."

"बाकी काही नाही?"

"बाकी काय असणार!"

मधुवंतीनं मान हलवली आणि पुन्हा जेवायला लागली. यमुताईंना घास गोड लागेना. त्या दिवसा टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या आणि हिवाळ्याची रजा जोडून रंगभूमीवर. अन्न आवाजानंच दिलं होतं. तो आवाज आज पहिल्यांदा त्यांना उसना वाटला.

दुसऱ्या दिवशी मारबत. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर पोळ्याच्या पाडव्याला नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबतींची मिरवणूक निघते आणि त्यांच्यामागून गल्लोगल्लीचे बडगे, म्हणजे कागद-बांबूचे पुतळे. शहराला वर्षभर जे जे छळतं ते ते ओरडून त्यांच्या गळ्यात घालायचं. "घेऊन जा गे मारबत!" मग ते सगळं गावाबाहेर नेऊन जाळायचं. यमुताईंच्या गल्लीची एक खास रीत होती. बडग्या उचलला की पहिल्यांदा त्यांच्या गॅलरीखाली थांबायचा. पहिली आरोळी यमुताईंची. वर्षभर गल्लीतली माणसं येऊन आपापलं गाऱ्हाणं त्यांच्याकडे टाकून जायची, "हे यंदा घेजा, काकू," आणि त्या सगळं डोक्यात ठेवायच्या. त्यांच्या तोंडून निघाल्याशिवाय पीडा गेली, असं कुणी मानत नसे.

सकाळी ढोल वाजायला लागले. चंपतरावांचा बडग्या गॅलरीखाली येऊन थांबला. पिवळ्या झग्याचा, तोंडात हा एवढा सुपारी-तंबाखूचा खर्रा कोंबलेला. गल्ली माणसांनी भरून गेली. गॅलरीत एका बाजूला उन्मेष, दुसऱ्या बाजूला मधुवंती आणि कोपऱ्यात साडी नेसून उभा असलेला कूलर.

यमुताईंनी कठड्याला हात टेकले. "डास, मच्छर," त्या ओरडल्या, "घेऊन जा गे मारबत!"

"घेऊन जा गे मारबत!" गल्ली ओरडली आणि पुढच्या आरोळीची वाट पाहत राहिली. यमुताईंनी कठड्यावरचे हात काढून घेतले.

"बस का वं काकू?" खालून एक जण ओरडला. "वर्षभर आमचं रडणं ऐकलं ते काय फक्त मच्छरासाठी?"

"ताईचा गळा बसला काय रे!"

"गळा नाही बसला, सून बसली हाय वरती!" चंपतराव बोलले आणि गल्ली खदखदून हसली.

मधुवंतीही हसली. मग सासूच्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, ते माझ्यासाठी थांबू नका. आणि तो कूलर मी आल्या सकाळीच बघितला. टॉवेल वाळत घालायला आले तर साडी पावसानं ओली झालेली, म्हणून उचलली. किती मोठा आहे!"

यमुताईंनी सुनेकडे पाहिलं. खाली उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. या सगळ्यांना त्या फसवत होत्या, ज्यांची गाऱ्हाणी पोटात घेऊन उभ्या होत्या त्यांना. पुढचं मग त्यांनी ठरवून केलं नाही. एका हातानं परात खाली ठेवली, दुसऱ्यानं साडीचं टोक धरून सर्रकन ओढलं. कूलर उघडा पडला, गंजलेला, डागाळलेला, खरा.

"मार्चपासून जूनपर्यंत भट्टी पेटवणारं ऊन," यमुताईंचा आवाज सुटला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा, "घेऊन जा गे मारबत!"

गल्लीनं जो प्रतिसाद दिला त्यानं कबुतरं उडाली.

"घरापेक्षा उंच सिमेंटचा रस्ता, अन् खालच्या मजल्यात शिरणारं पावसाचं पाणी, घेऊन जा गे मारबत! एकाच महिन्यात तीनदा खोदलेली गल्ली, घेऊन जा गे मारबत! नाकाला पदर लावल्याशिवाय जिच्याजवळ उभं राहवत नाही त्या नदीची दशा, घेऊन जा! लाल सिग्नल न दिसणारे डोळे, भिंती रंगवणारा खर्रा, 'येऊनच राहिलो' म्हणून घरीच बसणारा प्लंबर..."

"घेऊन जा गे मारबत!"

"अन् आमची पोरं," यमुताई म्हणाल्या, आणि इथे आवाज जरा खाली आला, "आमची पोरं पुण्या-बंगलोरला ओढून नेणारं इथलं रिकामं नशीब... घेऊन जा गे मारबत."

उन्मेषनं कठड्यावरून खाली पाहिलं. बडग्या उचलला गेला. ढोल पुढे निघाले.

आत आल्यावर यमुताई पाणी प्यायल्या आणि खुर्चीत बसल्या. आता जे व्हायचं ते होवो.

"एवढं सगळं आहे," मधुवंती समोर बसत म्हणाली, "मग तुम्हाला इथून जायचं का नाही?"

"कुणी सांगितलं, जायचं नाही म्हणून?"

"साडी नेसवलेल्या कूलरनं."

यमुताईंना हसू आलं. मग त्या शांतपणे बोलल्या, "उन्मेषचे बाबा मे महिन्यात गेले. सकाळी. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर आदल्या दिवशीच जळलेला. लाइट नाही, पंखा नाही, बाहेर आग. उन्मेष संध्याकाळच्या विमानानं येणार. लोक म्हणाले, इतका वेळ ठेवणं कठीण आहे. मी म्हटलं, मुलाला चेहरा दिसायला हवा. बस, एवढंच म्हटलं. चंपतराव उठले. कुठून कुठून बर्फाच्या लाद्या आणल्या त्यांनी, भर उन्हात, पोत्यात गुंडाळून, सायकलवर. एक विरघळली की दुसरी. बाया आळीपाळीनं पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. खालच्या घरातली, जिच्याशी नळाच्या पाण्यावरून माझं वर्षभर बोलणं नव्हतं, ती सगळ्यात जास्त वेळ बसली."

उन्मेष दारात उभा होता. "मला वाटलं होतं, खोली थंड आहे," तो म्हणाला. "बाबांच्या कपाळाला हात लावला तर गार होतं. मी विचारलंच नाही."

"विचारायची वेळ होती का ती," यमुताई म्हणाल्या. "हे ऊन वाईटच आहे ग. गोड करून सांगत नाही. पण त्या उन्हात माझ्यासाठी कोण कोण धावलं, तेही मला माहीत आहे. त्या माणसांचं मी काय देणं लागते, ते पुण्यात बसून फेडता नाही यायचं."

मधुवंतीनं खिडकीतल्या कूलरकडे पाहिलं. "मी आत्ता हो म्हणणार नाही," ती म्हणाली. "पावसाळ्यात बघून कुणीही हो म्हणेल. मे महिन्यात येते. पंधरा दिवस राहते. तोवर घर विकायचं नाही आणि तुम्हीही हलायचं नाही. रात्री सोबतीला बाई ठेवू. चालेल?"

ती मे महिन्यात खरंच आली, एकटी. पहिले तीन दिवस कूलरसमोर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसली आणि चकार शब्द बोलली नाही. वाळ्याच्या ताट्यांचा वास घरभर भरला होता. यमुताई दर थोड्या वेळानं पन्हं नेऊन द्यायच्या आणि तिच्या तोंडाकडे बघायच्या. 'छान' नाही, वाईट नाही, काहीच नाही.

चौथ्या दिवशी कूलरचा पंप बंद पडला. पाचव्या दिवशीही मेकॅनिक आला नाही. टळटळीत दुपारी मधुवंती ताडकन उठली, गॅलरीत गेली आणि तिचा आवाज गल्लीत घुमला.

"काका! चंपतकाका! तो तुमचा पंपवाला कुठाय हो? दोन दिवस 'येऊनच राहिलो' म्हणतोय! आमच्या कूलरचा पार कोळसा झालाय इथे! अशी कशी माणसं आहेत आपल्याकडची?"

"थांब वं बेटा, मी आणतो त्याले कान पकडून!" चंपतराव ओट्यावरून उठत म्हणाले. "तू आत जा, ऊन लागंल!"

आत यमुताईंच्या हातातला पन्ह्याचा पेला तसाच राहिला. आमच्या कूलरचा. आपल्याकडची.

संध्याकाळी उन्मेषचा फोन आला. "आई, ती मला काहीच सांगत नाही. तुला काय वाटतं? छान म्हणते का?"

"एकदाही नाही," यमुताई म्हणाल्या. "दुपारपासून सारखी भांडते आहे. पंपवाल्याशी, लाइटवाल्यांशी, चंपतरावांशी."

"अरे देवा."

"देवाला हाका नको मारू. सामान बांधायला घे." त्यांनी फोनवर हात ठेवला आणि आतल्या खोलीकडे वळून विचारलं, "मधुवंती, पोळ्याच्या आत येईल ना ग सगळं? यंदा माझा गळा पुरायचा नाही, कुणीतरी शेजारी लागेल."

आतून उत्तर आलं, चांगल्या खणखणीत आवाजात. "येईल. पण आई, मारबतीला पंपवाला पहिला! तो मी घेणार!"