याकोबच्या बंदुकीची नवी नळी

स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसच्या खोऱ्यात बंदूक बिघडली की लोक बाल्झ ऱ्हायनरकडे जात. दुकान म्हणजे गोठ्याशेजारची एक खोली: लेथ, शेगडी आणि दारात पसरलेली मांजर. बाल्झ एका कानाने ठार बहिरा होता. गिऱ्हाईक आवडलं नाही की मुद्दाम तोच कान पुढे करायचा.

रोसली झेंटनर आली तेव्हा मात्र त्याने चांगला कान पुढे केला. तिचा नवरा याकोब, बाल्झचा जुना नेमबाज सोबती, हिवाळ्यात गेला होता. तिच्या हातात त्याची लष्करातली कार्बाइन, आखूड नळीची बंदूक, होती.

"मे महिन्यातल्या नेमबाजीला यंदा मी उतरणार," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्याला तिथे डबा पोचवला, आता पुरे."

बाल्झने नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं. गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा पार झिजल्या होत्या. "ही नळी संपली, रोसली. गोळी सुटेल, पण जाईल कुठे ते देवाला ठाऊक. नवी बसवावी लागेल. मग ती याकोबची बंदूक राहील का, ते तू ठरव."

"अरे, त्याने कवळी बसवली तेव्हा मी काय नवरा बदलला असं समजले?"

बाल्झ इतका हसला की मांजर उठून गेली.

जुनी नळी निघता निघेना. तेल सोडलं, लाकडी ठोकळ्यांत आवळली, लांब पान्याला तो अक्षरशः लोंबकळला. शेवटी एका सकाळी 'कट्ट' आवाज झाला आणि बाल्झ जमिनीवर बसला. नव्या नळीचे आटे झकास जमले. पण काडतूस बसायची जागा कोरताना घाई झाली, केसभर जास्त कोरलं गेलं. जागा तपासायला आत घातलेल्या ज्या मापावर बोल्ट, म्हणजे मागचा अडसर, अडायला हवा होता, त्यावर तो खुशाल बंद झाला. अशा बंदुकीत काडतूस मागच्या बाजूला फुटू शकतं, ती कुणाच्या गालाशी द्यायची नाही, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

तो चढ चढून तिच्या घरी गेला. "माझ्या हातून बिघडली. नळी मागून थोडी कापून पुन्हा बसवीन, पण नेमबाजीपर्यंत होणार नाही."

"तुझ्या हातून? गावभर सांगू?"

"सांग."

"नाही सांगत. बस, कॉफी घे."

बाल्झने स्वतःची कार्बाइन टेबलावर ठेवली. "ही ने. डावीकडे ओढायची खोड आहे तिला, सांभाळ."

"आणि तू?"

"मी डबा आणतो."

आणि खरंच, लोण्यावर खोऱ्यातलं हिरवं चीज फासलेला पाव घेऊन तो तिच्यामागे बाकावर बसला. आयुष्यात पहिल्यांदाच नेमबाजीच्या दिवशी त्याच्या हातात बंदूक नव्हती. पुरुष टोमणे मारत होते. त्याने बहिरा कान त्यांच्याकडे केला. रोसलीची पहिली गोळी लक्ष्याला शिवलीसुद्धा नाही. मग हात स्थिरावला. मानाचा बिल्ला थोडक्यात हुकला.

"डावीकडे कसली?" ती उठून भांडायलाच लागली. "उजवीकडे ओढते ती!"

बाल्झने डोकं खाजवलं. "मग डावीकडची खोड माझीच असणार."

शरद ऋतूत याकोबची बंदूक तयार झाली. या वेळी बोल्ट मापावर अडायचा तिथे अडला. पहिल्या गोळ्या बाल्झने स्वतः झाडल्या, मगच ती रोसलीला दिली. तिच्या गोळ्या काळ्या वर्तुळात एकमेकींना चिकटून बसल्या. दस्त्यावर याकोबच्या गालाने गुळगुळीत झालेली जागा होती; तिने तिथून हात फिरवला. बाल्झ उगाचच रिकामी काडतुसं वेचत राहिला.

पुढच्या मे महिन्यात दोघं नेम धरायला शेजारी शेजारी आडवी झाली. रोसलीला बिल्ला मिळाला, बाल्झला नाही. घरी येताना तो वाटभर वाऱ्याला दोष देत होता, आणि ती "हो रे, हो" म्हणत होती.