गरम गाडी बंद करायची नाय

तापलेल्या लोखंडावर ओलं फडकं पडल्याचा वास आला की मला अजून लोधिवलीचा तो नाका आठवतो आणि डोकं फिरतं. कारखान्याच्या सांडपाण्यावर खालापूरला सुनावणी होती, आणि जिची विहीर त्या पाण्याने नासली ती मोहोपाड्याची मावशी बोलायला आमच्याबरोबर येत होती. गाडी शेजारच्या चाचांची, जुनी फियाट. तिचा स्टार्टर सायलेन्सरच्या पाइपाला खेटून. तापला की चावी फिरवली तरी नुसता ‘टक’ करायचा, म्हणून वाटेत इंजिन बंद करायचं नाही हा चाचांचा नियम. नाक्यावर मंत्र्याच्या ताफ्यासाठी हवालदाराने अडवलं आणि धूर येतो म्हणून इंजिन बंद करायला लावलं. ताफा गेला, आमची गाडी उठेना. चाचा भिजवलेलं फडकं स्टार्टरवर दाबत म्हणाले, “थंड होईल रं, दम धर.” मागून मावशी म्हणाली, “तवर ते आमचं पाणी गोड हाय म्हणून लिवतील.” तसंच झालं. आम्ही पोचलो तेव्हा खुर्च्या गोळा होत होत्या. “कुणाचीच हरकत आली नाही,” सुनावणी घेणारा साहेब म्हणाला. मावशीने पुढे केलेल्या पिवळ्या पाण्याच्या बाटलीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मी आवाज चढवला तर म्हणतो, “गरम होऊ नका.” चाचांनी पुढे तेलाचा डबा कापून त्याचा पत्रा पाइप आणि स्टार्टरच्या मधे बसवला, आणि फियाट आता तापलेली असतानाही एका चावीत सुरू होते. मावशीची विहीर अजून पिवळीच आहे. मला थंड व्हायला कुणी सांगू नये.