मागच्या सातांचा वारा

कुठलीही गरम वस्तू दिसली की तो तिच्या मागे तळहात धरायचा. ऑफिसातला प्रोजेक्टर असो, पार्किंगमध्ये नुकतीच येऊन थांबलेली गाडी असो, नाहीतर आमच्या ओट्यावरचा मायक्रोवेव्ह. हा वळसा घालून मागे जाणार, हात उघडा धरणार आणि विचारणार, "मागच्याले वारा भेटून राहिला का?" माणूस नागपूरचा. इथे परदेशात, ट्रॉयमध्ये इतकी वर्षं काढून त्याच्या बोलण्यावरची तर्री काही उतरली नव्हती.

आम्ही दोघं एकाच कंपनीत, एकाच कामावर. गाड्यांची इंजिनं थंड ठेवायची. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, पुण्याचा, ग्रीन कार्डवाला, स्वतःच्या घरातला. तो व्हिसावर, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये. आणि हेवा कोण कुणाचा करायचा, तर मी त्याचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्याच्याविषयी मी काही वाकडं बोललो तर तुम्ही ते निम्म्यानं कमी करून घ्याल.

गावाबाहेर तासाभरावर एक लहानसा विमानतळ आहे. तिथल्या एका हँगरमध्ये काही पेन्शनर मंडळी दर शनिवारी जमून दुसऱ्या महायुद्धातलं एक जर्मन विमान-इंजिन जोडत असत. त्यांचा म्होरक्या वॉल्ट, आयुष्यभर विमानं दुरुस्त करून निवृत्त झालेला. त्या घोळक्यात शिरलेला पहिला भारतीय मी. कृपया हे लक्षात ठेवा, कारण पुढे कुणीच ठेवलं नाही.

ते इंजिन म्हणजे एक प्रकरणच होतं. मधल्या दांड्याभोवती गोलाकार बसवलेले सिलिंडर, पुढे सात आणि त्यांच्या पाठीशी आणखी सात. पाण्यानं नव्हे, वाऱ्यानं थंड होणारं. पुढचे सात ताजा वारा खायचे आणि मागच्या सातांच्या वाट्याला पुढच्यांनी तापवलेलं उरलंसुरलं. सुरुवातीची इंजिनं मागून अक्षरशः भाजून निघायची. मग ऐन युद्धाच्या धांदलीत जर्मन इंजिनिअरांनी विमानाच्या नाकात पंखा बसवला आणि सिलिंडरांभोवतीचे पत्रे असे वळवले, की वारा मागच्यांपर्यंत पोचावा. आणखी एक करामत केली. वैमानिकाच्या हाती एकच लिव्हर दिला. इंधन किती, हवा किती, प्रोपेलरच्या पात्यांचा कोन कसा, हे बाकीचं सगळं एक यांत्रिक डबा आपलं आपण बघायचा.

हे इंजिन पुन्हा पहिल्यांदा सुरू होईल त्या दिवशी त्या लिव्हरवर माझा हात असावा, एवढीच माझी इच्छा होती. आजवर आयुष्यात जे मिळालं ते रांगेत उभं राहून मिळालं होतं. हे एक तरी आपलं म्हणून मिळावं.

त्याला तिथे मीच नेलं. एका शनिवारी त्याची गाडी गॅरेजमध्ये होती आणि मला जरा मिरवायचं होतं. दोन उन्हाळे खपून आम्ही घासलेले पुढचे सिलिंडर मी त्याला दाखवले. चांदीच्या भांड्यांसारखे लखलखत होते. तो "वा भाऊ, वा" म्हणाला आणि सवयीनं मागे गेला. तिथे हात घातला आणि मातीचा एक गोळा बाहेर काढला. मग दुसरा, मग तिसरा. मागच्या सिलिंडरांवरच्या पातळ चकत्यांच्या फटींमध्ये कुंभारमाश्यांनी घरं बांधली होती. येणारे पाहुणे पुढून बघतात म्हणून आम्ही पुढूनच घासत बसलो होतो.

"काय आहे बाप्पा हे! मागं कोणी पाह्यलंच नाही का?"

वॉल्टनं त्याला मिठी मारली. दोन उन्हाळ्यांत मला त्यानं एकदा कॉफी विचारली होती.

तेव्हापासून तो त्यांचा लाडका झाला. आठवडाभर माझ्याशेजारी बसून काम करायचा आणि शनिवारी माझ्याच गाडीतून येऊन माझ्या आधी आत शिरायचा. म्हातारे त्याला बघून उठून उभे राहायचे, माझ्याकडे बघून घड्याळ बघायचे.

गणपतीतही तीच तऱ्हा. मंडळाचं जेवण शाळेच्या हॉलमध्ये असायचं. एरवी आम्ही पोटलक करत असलो, म्हणजे ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ आणायचा, तरी मोदकांसाठी मुद्दाम पंगत बसवायचो. सगळे वाढपी पुढून सुरुवात करायचे. हा मोदकांचं पातेलं घेऊन थेट शेवटच्या रांगेत, नवीन आलेल्या विद्यार्थ्यांकडे. "पुढच्याईले काय, ते मागून घेतीन." त्या वर्षी मी मंडळाचा खजिनदार. पहिल्या पानावर बसलो होतो आणि मला अर्धा मोदक मिळाला.

घरी येऊन मी बायकोपाशी धुसफुसलो.

"जळतोस तू त्याच्यावर," ती म्हणाली.

"मी? त्याच्यावर? काय आहे त्याच्याकडे?"

"तेच ना," ती म्हणाली आणि भांडी लावायला गेली.

एकदा हँगर बघायला पाहुण्यांचा एक गट आला होता. इंजिनाची माहिती मीच देत होतो. ताकद, वेग, पंख्याची युक्ती. मंडळी खूश होती. तेवढ्यात हा मागून इंग्रजीत म्हणाला, "युद्धाच्या शेवटी शेवटी अशी इंजिनं बनवायला कैद्यांना जुंपलं होतं. छावण्यांतून आणायचे. हा पत्रा कुणी वळवला असेल, त्याला त्या दिवशी जेवायला मिळालं का, ते आपल्याला ठाऊक नाही." एका बाईंनी पुढे होऊन त्या पत्र्याला हात लावला. हे मीही वाचलं होतं हो! माझ्या कपाटात त्यावरची दोन पुस्तकं आहेत. पण मला ते बोलावंसं वाटलं नव्हतं, आणि त्याला न बोलता राहवलं नव्हतं. त्या दिवशी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता.

वसंतात इंजिन तयार होत आलं, सुरू उन्हाळ्यात करायचं ठरलं. वॉल्टनं सगळ्यांना गोळा केलं, आमच्या नागपूरकराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ही टेक्स द लिव्हर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या.

आणि मग ऑफिसात लेऑफ झाले. त्यात तो गेला, मी राहिलो. तुम्ही व्हिसावर राहिला असाल तर पुढचं सांगायला नको. दोन महिन्यांत दुसरी नोकरी शोधा, नाहीतर सामान बांधा. मी त्याचा रेझ्युमे ओळखीच्या प्रत्येकाकडे पाठवला, मनापासून पाठवला. आणि तो पाठवत असताना लिव्हरपाशी आता कोण बसणार, हा विचारही मनात येत होता. दोन्ही खरं आहे. माणसाच्या पोटात एकाच वेळी किती बिऱ्हाडं नांदतात ते तुम्ही जाणताच.

नोकरी मिळाली नाही. जायच्या आधीच्या शनिवारी तो हँगरमध्ये आला, मागच्या सिलिंडरांवरून हात फिरवला आणि वॉल्टला म्हणाला, "लिव्हर याला द्या. मला हा घेऊन आला होता." मग माझ्याकडे वळला. "तुम्ही बसा भाऊ. मी काय, मागचाच माणूस."

मला हवं ते मिळालं, पण त्याच्या हातून. एवढं झोंबलं की मला नीट थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही. नागपूरला निघाला तेव्हा मोठ्या विमानतळावर त्याला सोडायला मीच गेलो. आत जाताना त्यानं माझ्या गाडीच्या बॉनेटजवळ सवयीनं हात धरला. "रेडिएटर पाहून घ्याजा," म्हणाला आणि गेला.

दोन शनिवारांनी आम्ही इंजिन सुरू केलं. हँगरबाहेर लोखंडी चौकटीत ते घट्ट बांधलं होतं. मी लिव्हरवर हात ठेवला. आधी खोकल्यासारखे आवाज, मग निळा धूर, आणि मग चौदाच्या चौदा सिलिंडर एका सुरात गर्जू लागले. माझ्या छातीची हाडं थरथरत होती. त्या आवाजात वॉल्ट माझ्या कानाशी येऊन ओरडला, "ही शुड हॅव सीन धिस!" इंजिन बंद झाल्यावर डोळे पुसत दुसरा एक म्हातारा आला आणि तेच म्हणाला. मग तिसरा. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि तोही त्याचाच.

सगळे फोटोसाठी इंजिनापुढे उभे राहिले. मला हाका मारत होते. मी इंजिनाच्या मागे उभा होतो, तळहात उघडा धरून. तिथे कधी गेलो ते मला आठवत नाही. मागच्या सातांतून धग येत होती, पण भाजण्याजोगी नव्हती.

मी नागपूरला फोन लावला. हॅलो नाही, कसे आहात नाही. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "भाऊ, मागच्याले वारा भेटला का?"

"भेटला रे," मी म्हणालो. "मस्त भेटून राहिला."

माझ्या तोंडून ते तसं कसं आलं कोण जाणे. "अन रेडिएटर?" त्यानं विचारलं.