घरच्या खोलीतलं सांवेर रोडचं ऑफिस

घरातल्या घरात ऑफिसला निघून वर उशीर होईल म्हणून धावपळ करणारा माणूस अख्ख्या इंदुरात एकच होता: माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. त्यांची उमेदीची वर्षं कापड मिलच्या टाइम ऑफिसात, लोकांची हजेरी मांडण्यात गेलेली. मिलला कुलूप लागल्यावरही ते कितीतरी दिवस डबा घेऊन गेटपर्यंत जाऊन येत आणि घरी "आज पण बंदच" असं सांगत, जणू उद्या उघडणार होती. पुढे सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात त्यांना मालाची आवक-जावक पाहायचं काम मिळालं, तेही कॉम्प्युटरवर. उतारवयात ते शिकले, पण मशीनला त्यांनी कधी अरे-तुरे केलं नाही. अडलं की म्हणत, "आज जरा नाराज आहेत."

मग आत्याला अर्धांगाचा झटका आला. राजेंद्र नगरच्या घरी दोघंच, मूलबाळ नाही. तिला एकटं सोडवेना, आणि मिलची माणसं गावभर काम शोधत फिरत असताना ही नोकरी गेली तर दुसरी कुठली मिळणार? मालक भले होते. काम अडणार नसेल तर घरून करा म्हणाले, आणि त्यासाठी ऑफिसात फोनची वेगळी लाइनही दिली. माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं, मी लोकांना ते बसवून द्यायचो. दोन्हीकडे टेलिफोनच्या तारेला मोडेम लावायचा, घरच्या मशीनवरून ऑफिसला फोन जोडायचा, की तिथलं मशीन घरून चालवता येतं, एवढं मी आतोबांना समजावलं.

दुकान बंद करून मी संध्याकाळी गेलो, पण काही केल्या जोडणी होईना. ऑफिस सुटलं की चौकीदार सगळी बटनं बंद करायचा. दुसऱ्या दिवशी आतोबांनी त्याला फोनवर बजावलं, "मशीन चालू रखना भिया, शाम को मैं घर से आऊंगा." त्या संध्याकाळी मोडेम किरकिरला आणि ऑफिसच्या मशीनचा पडदा आमच्यासमोर हळूहळू वरून खाली उतरला. आतोबा उठून उभेच राहिले. शर्टचं वरचं बटन लावत त्यांनी हळूच विचारलं, "मी तिकडे दिसतोय का?" तिकडे चौकीदार मात्र गेट उघडं ठेवून बसला होता. बाबूजी येतो म्हणाले नि आलेच नाहीत, अशी त्याने सकाळी तक्रार केली.

तेव्हापासून आतोबा इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून पुढच्या दाराने निघत, कॉलनीला वळसा घालत आणि मागच्या दाराने आपल्या खोलीत शिरत. जेवणाच्या सुट्टीत ते स्वतः रांधलेला डबा आत्याच्या पलंगाशी उघडत. झटक्यापासून तिचे शब्द जिभेवरच गुंतायचे. पहिल्याच दिवशी वरणाचा घास घेऊन ती कष्टाने म्हणाली, "मीठ." इतका स्वच्छ शब्द तिच्या तोंडून कित्येक दिवसांनी आला होता. आतोबांनी लगेच मालकांना फोन लावला आणि वरण अळणी झाल्याची आनंदाची बातमी दिली.

हळूहळू ती भिंतीच्या आधाराने चालू लागली. एका दुपारी ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आतोबा खुर्चीतून उठले. "या, बसा," म्हणाले. मग ती रोजच शेजारी बसू लागली. कुठला ट्रक निघाला, कुठला माल यायचाय, ते सगळं आतोबा तिला सांगत. इतका संसार झाला, पण नवरा दिवसभर करतो काय हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. एकदा माझ्यासमोरच तिने थांबत थांबत विचारलं, "हे मला... आधी का नाही सांगितलं?" आतोबा म्हणाले, "घरी येईपर्यंत विसरून जायचो."

दुसऱ्या झटक्यातून ती उठली नाही. तिचे दिवस झाल्यावर आतोबांनी मला बोलावून सगळं काढून न्यायला सांगितलं. मालकांची हरकत नाही, घरूनच करा, असं मी म्हणून पाहिलं.

"नाही होत, भिया," ते म्हणाले. "ट्रक निघाला की मी सांगायला वळतो."

मी मोडेमची तार सोडवली. ते कारखान्यात न्यायचा डबा भरायला आत गेले.